‘उत्साहात संपन्न झाला’ : शाळेचा वार्षिक अहवाल पुरावा म्हणून कसा वाचायचा

‘अमुक तालुक्यातील माध्यमिक शाळांमधील सहशालेय उपक्रमांचा चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. तालुक्याचं नाव बदलतं, कधी ‘चिकित्सक’च्या जागी ‘तुलनात्मक’ येतं, पण सांगाडा तोच. साधनंही ठरलेली असतात : मुख्याध्यापकांसाठी एक प्रश्नावली, शिक्षकांसाठी एक प्रश्नावली आणि ‘दुय्यम स्रोत’ म्हणून शाळांचे वार्षिक अहवाल. प्रश्नावलीवर कोर्सवर्कमध्ये दोन-दोन आठवडे चर्चा होते. विश्वसनीयता, सप्रमाणता, पाच बिंदूंची श्रेणी, सगळं. अहवालावर मात्र कोणी काही बोलत नाही. त्याची झेरॉक्स परिशिष्टात जाते, त्यातले उपक्रम मोजून एक तक्ता तयार होतो आणि तक्त्याखाली निष्कर्ष येतो : ‘शाळांमध्ये विविध उपक्रम राबवले जातात.’

या लेखात मी त्या दुर्लक्षित अहवालाचीच चिकित्सा करणार आहे. ग्रामीण भागातल्या एखाद्या अनुदानित हायस्कूलमध्ये वर्षभर वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, स्काऊट-गाइड, शालेय मंत्रिमंडळ यांचं जे काही चालतं, ते बाहेरच्या माणसाला मुख्यतः या अहवालातूनच दिसतं. माझं म्हणणं थोडक्यात असं : शाळेत मुलांनी काय केलं हे अहवाल फार थोडं सांगतो, पण शाळेला कोणाला काय दाखवावं लागतं हे तो फार नेमकं सांगतो. पहिल्या कामासाठी वापरला तर प्रबंधाचं एक प्रकरण पोकळ होतं. दुसऱ्या कामासाठी वापरला तर यासारखं स्वस्त आणि मस्त साधन नाही.

आधी प्रसंग बघा, मग मजकूर

कुठलाही दस्तऐवज हातात आला की तीन प्रश्न विचारायचे : कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कुठल्या प्रसंगी लिहिला. वार्षिक अहवालाच्या बाबतीत प्रसंगापासून सुरुवात करणं सोपं जातं.

हा अहवाल आधी वाचून दाखवला जातो, छापला गेलाच तर नंतर. स्नेहसंमेलनाच्या किंवा बक्षीस समारंभाच्या दिवशी मंडपात एका बाजूला मुलं, एका बाजूला पालक, स्टेजवर संस्थेचे पदाधिकारी, सरपंच, प्रमुख पाहुणे. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि मग अहवालवाचन. त्याच्यामागे बक्षीस वितरण आणि पाहुण्यांचं भाषण रांगेत उभं असतं, त्यामुळे वेळ मोजका. लिहिणारे बहुतेकदा मराठीचे सर किंवा बाई, कारण ‘तुमचं अक्षर आणि भाषा चांगली आहे’. प्रत्येक विभागप्रमुखाने दिलेल्या चिठ्ठ्या जोडून तो तयार होतो, मुख्याध्यापक वाचतात, एखादं नाव राहिलं तर घालतात.

आता याचे परिणाम बघा. समोर देणगीदार बसलेले असताना वाचल्या जाणाऱ्या मजकुरात ‘विज्ञान मंडळाची यंदा एकही बैठक झाली नाही’ हे वाक्य येणार नाही. त्याला खोटेपणा म्हणायची घाई करू नका. लग्नपत्रिकेत कोणी हुंड्याची रक्कम छापत नाही, तसंच हे. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५९च्या आपल्या पुस्तकात दर्शनी रंगमंच आणि पडद्यामागची जागा असा भेद केला. माणसं प्रेक्षकांसमोर एक वागतात, विंगेत वेगळी वागतात, आणि दोन्ही वागणी खरीच असतात. वार्षिक अहवाल हा शंभर टक्के दर्शनी रंगमंचावरचा मजकूर आहे. तो विंगेतला पुरावा म्हणून वापरला की घोटाळा होतो.

मंडळाचं वर्ष की दिनविशेषांचं वर्ष?

अहवालातल्या उपक्रमांना तारखा लावून बघा. हे अगदी साधं काम आहे, पण डोळे उघडतात. २१ जून योग दिन. १ जुलै कृषी दिन, म्हणजे वसंतराव नाईकांची जयंती. आषाढीची दिंडी. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती. ५ सप्टेंबर शिक्षक दिन, १४ सप्टेंबर हिंदी दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, २२ डिसेंबर गणित दिन, ३ जानेवारी सावित्रीबाई, १२ जानेवारी जिजाऊ आणि विवेकानंद, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. अहवाल डिसेंबर-जानेवारीत वाचला गेला तर शेवटचे एक-दोन ‘साजरा करण्यात येणार आहे’ म्हणून येतात, किंवा पुढच्या वर्षीच्या अहवालात जातात.

या यादीत वाईट काही नाही. प्रत्येक दिवसामागे एक माणूस आहे, एक विचार आहे. पण संशोधक म्हणून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यातला जवळपास प्रत्येक उपक्रम कॅलेंडर बघून किंवा वरून आलेलं परिपत्रक बघून झालेला आहे. मंडळातल्या मुलांना एक प्रश्न पडला आणि त्यातून दुसरा उपक्रम निघाला, असं या यादीत कुठे दिसत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान मंडळ सी. व्ही. रामन यांच्या प्रतिमेचं पूजन करतं, एक भाषण होतं, आणि पुढच्या नोंदीपर्यंत मंडळ गायब.

म्हणून मी एक साधा निकष सुचवते : दुसरी बैठक. कुठलाही गट उद्घाटनाच्या दिवशी मंडळ होत नाही, तो दुसऱ्या बैठकीला मंडळ होतो. पहिल्या वेळी ठरवलेलं काहीतरी दुसऱ्या वेळी पुढे नेलं गेलं का? अहवालात अशी नोंद सापडली, समजा हरित सेनेने जूनमध्ये लावलेल्या रोपांना मार्चमध्ये पाणी घालायच्या पाळ्या लावल्या, तर त्या एका ओळीवर थांबा. तिची किंमत पंधरा जयंत्यांच्या नोंदींपेक्षा जास्त आहे.

‘सर्व विद्यार्थी’ म्हणजे किती?

ग्रामीण शाळेला दुसरंही एक कॅलेंडर असतं, आणि ते अहवालात येत नाही. ते शेतीचं आणि मजुरीचं.

बीड जिल्हा किंवा त्याच्या आजूबाजूचे ऊसतोडीला जाणारे तालुके घ्या. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, काही मुलं आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीचे दिवसही दिवाळीच्या मागेपुढेच येतात. आणि शाळेतल्या उपक्रमांचा बहर कधी असतो? नोव्हेंबर ते जानेवारी. सहल, विज्ञान प्रदर्शन, क्रीडा सप्ताह, स्नेहसंमेलन, सगळं याच काळात.

म्हणजे अहवालात जेव्हा ‘सर्व विद्यार्थ्यांनी सहभाग घेतला’ असं येतं, तेव्हा त्या ‘सर्व’चा आकार जूनच्या पटाएवढा नसतो. तो त्या दिवशी हजर असलेल्यांएवढा असतो. जूनमध्ये दिंडीत टाळ वाजवणारा मुलगा जानेवारीच्या स्नेहसंमेलनात नसेल, तर तो अहवालातून गळाला हेसुद्धा अहवालातून कळत नाही. इथे प्रश्न तांत्रिक राहत नाही. ‘सहशालेय उपक्रमांमुळे सर्वांगीण विकास होतो’ हा निष्कर्ष तुम्ही काढता तेव्हा कोणाचा विकास, हे तुम्हाला सांगता यायला हवं. नाहीतर ज्यांना उपक्रम मिळालाच नाही, त्यांनाही तुमच्या टक्केवारीने त्यात बसवून टाकलेलं असतं.

अशा आणखी चाळण्या आहेत. शाळा सुटल्यावर तालमीला कोण थांबतं? ज्याचं घर गावात आहे तो. वाडी-वस्तीवरच्या मुलीला एसटी पकडायची असते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे, पण गाडी तालमीसाठी थांबत नाही. सहलीला कोण जातं? ज्याच्या घरी त्या महिन्यात पैसे आहेत. दहावीच्या वर्गाला तर ‘यंदा महत्त्वाचं वर्ष’ म्हणून बऱ्याच ठिकाणी बाजूलाच ठेवतात. म्हणून अहवालाशेजारी दोन कागद हवेतच : वर्गांचे हजेरीपट आणि गावातल्या गाड्यांचं वेळापत्रक. दुसरा कागद ऐकून गाइड हसतील, पण आग्रह धरा.

‘करण्यात आले’ : क्रियापदांचं वाचन

आता भाषेकडे येऊ. अहवालातली काही वाक्यं सगळ्यांना पाठ असतात. ‘वृक्षारोपण करण्यात आले.’ ‘निबंध स्पर्धा घेण्यात आली.’ ‘कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ ‘मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन झाले.’

या वाक्यांत कर्ता शोधा. वृक्षारोपण कोणी केलं? खड्डे कोणी खणले, रोपं कोणी आणली, जागा कोणी ठरवली? ‘करण्यात आले’ ही रचना हे सगळे प्रश्न गिळून टाकते. त्याच वेळी काही माणसं मात्र नावानिशी येतात : ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’. मोठ्यांना नावं, मुलांना समूहवाचक नाम. मुलं येतात ती ‘प्रतिसाद’ द्यायला किंवा ‘लाभ’ घ्यायला. उपक्रम ज्यांचा म्हणून सांगितला जातो, तेच वाक्यात कर्त्याच्या जागेवर नसतात.

करून बघण्यासारखा एक छोटा सराव. एक अहवाल घ्या आणि तीन रंगांची पेनं. नाव घेतलेल्या मोठ्या माणसाला एक रंग, नाव घेतलेल्या मुलाला दुसरा, आणि कर्ता नसलेल्या क्रियापदाला तिसरा. एका बैठकीत होतं. हेच आशय विश्लेषणातलं संकेतन, फक्त सॉफ्टवेअरशिवाय. मग त्याच शाळेचे पाच-सात वर्षांचे अहवाल रंगवा आणि रंगांचं प्रमाण बदलतं का ते बघा. मुख्याध्यापक बदलले तेव्हा बदललं का? एखादं सरकारी अभियान आलं तेव्हा?

पण इथे एक सावधगिरी हवी. ‘करण्यात आले’ ही मराठीतल्या सगळ्याच कार्यालयीन लेखनाची सवय आहे. ग्रामपंचायतीचं इतिवृत्त, बँकेची नोटीस, विद्यापीठाचं परिपत्रक, सगळीकडे हेच क्रियापद. तेव्हा केवळ कर्ता गायब आहे म्हणून ‘मुलांनी काही केलंच नाही’ असं म्हणता येणार नाही. रचना संशय निर्माण करते, पुरावा देत नाही. पुरावा दुसरीकडून आणायचा.

अहवालातच एक जागा अशी असते जिथे मुलं नावानिशी येतात : बक्षिसांची यादी. तालुका, जिल्हा, विभाग अशा पातळ्यांवरच्या क्रीडा स्पर्धा, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, स्काऊट-गाइड, एनसीसी. इथे नाव, इयत्ता, क्रमांक सगळं नीट असतं. कारण उघड आहे. यातल्या कामगिरीचे दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, त्यासाठी प्रस्ताव जातो, प्रमाणपत्र लागतं, चूक झाली तर पालक शाळेत येतात. ज्या नोंदीवर कोणाचं तरी काही अवलंबून असतं, ती नोंद काळजीने ठेवली जाते. ही ओळ वहीत लिहून ठेवा, सगळ्या प्रकारच्या दस्तऐवजांना लागू पडते.

आकडे आणि फोटो

समजा अहवालात लिहिलं आहे की हरित सेनेने २०० रोपं लावली. या आकड्याला निदान तीन प्रश्न आहेत. मागच्या वर्षी किती लावली होती? त्यातली आज किती जिवंत आहेत? आणि यंदाचे खड्डे हे मागच्याच वर्षीचे खड्डे आहेत का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुन्या अहवालात मिळतं, उरलेल्या दोघांसाठी शाळेच्या कुंपणालगत चालत जावं लागतं. एका दुपारचं काम आहे, पण ते केलेला संशोधक विरळा.

सहभागाच्या आकड्यातही असंच. निबंध स्पर्धेत ६०, वक्तृत्वात ३०, रांगोळीत ४० अशी बेरीज १३० होते, पण ती १३० मुलं नसतात. वक्तृत्वातली चुणचुणीत मुलगीच निबंधात असते, सूत्रसंचालनातही असते आणि शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्रीही तीच असते. सहभागांची संख्या आणि सहभागींची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल पहिली देतो, प्रबंध ती दुसरी म्हणून छापतो.

फोटोंबद्दल जास्त सांगायला नको. एक रोप आणि त्याला हात लावलेली सात मोठी माणसं, मागे बॅनर, कडेला गणवेशातली मुलं. हल्ली उपक्रम झाल्या झाल्या लिंकवर फोटो अपलोड करायचा असतो, तेव्हा फोटोत बॅनर दिसणं आवश्यकच. विज्ञान प्रदर्शनाच्या फोटोत सिरिंजवर चालणारा जेसीबी आणि धूर सोडणारा ज्वालामुखी दरवर्षी भेटतात. ‘ही प्रतिकृती बिघडली तर कोण दुरुस्त करेल?’ एवढा एकच प्रश्न त्या मुलाला विचारून बघा. ती कोणी बनवली आहे ते उत्तरातून कळतं.

दोन सिद्धान्त, बेताने वापरायचे

हे सगळं बघून ‘सगळं कागदावरच आहे’ असा शेरा मारायचा मोह होतो. तो शेरा गप्पांत ठीक आहे. संशोधनात त्याच्या पुढे जावं लागतं.

जॉन मेयर आणि ब्रायन रोवन यांनी १९७७ साली एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की संस्था अनेक रचना स्वीकारतात त्या कामाला उपयोगी पडतात म्हणून नव्हे, तर आजूबाजूच्या जगात त्या योग्य मानल्या जातात म्हणून. मंडळ असणं, समिती असणं, फलक असणं यामुळे संस्थेला मान्यता मिळते. मग रचना आणि रोजचं काम यांच्यात फारकत होते, आणि ही फारकत संस्थेला सोयीची असते, कारण तपासणीही भागते आणि वर्गही चालू राहतात. त्यांच्या डोळ्यासमोर शाळाही होत्या. आपल्या शाळेच्या कार्यालयातला समित्यांचा फलक बघा, निबंध लगेच कळेल.

दुसरं साधन म्हणजे रॉजर हार्ट यांची सहभागाची शिडी. युनिसेफने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधात ती आहे, आणि शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी मांडलेल्या शिडीवरून ती बेतलेली आहे. आठ पायऱ्या आहेत. खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत : मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरता सहभाग. स्वागतगीताला उभ्या केलेल्या मुली सजावटीच्या पायरीवर येतात. चौथ्या पायरीवर काम मोठे ठरवतात पण मुलांना ते का करायचं हे माहीत असतं. तिथून वर जात जात मुलं स्वतः सुरुवात करतात आणि निर्णयात मोठ्यांनाही घेतात, ती आठवी.

अडचण अशी की शिडी म्हटलं की वरची पायरी नेहमी चांगली असं वाटतं. हार्टही प्रत्येक उपक्रम सर्वांत वरच्या पायरीवर असावा असं म्हणत नाहीत. शिक्षकांनी ठरवलेला, पण मुलांना नीट समजावून सांगितलेला उपक्रम चौथ्या पायरीवर असूनही प्रामाणिक असू शकतो. तेव्हा ‘शाळेची सरासरी पायरी ३.४’ असला तक्ता कृपा करून करू नका. शिडी प्रश्न विचारायला वापरा, गुण द्यायला नको.

अहवालाच्या बाजूने

चिकित्सा म्हणजे फक्त दोष काढणं नाही. या साहित्यप्रकाराचं जे देणं आहे तेही मांडायला हवं.

एक तर ग्रामीण शाळेत शिक्षकांवर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत कामं असतात. त्यातून वेळ काढून कोणीतरी मुलांना भाषण लिहून देतं, तालमी घेतं, सुट्टीच्या दिवशी तालुक्याला घेऊन जातं. अहवालातलं ‘विशेष परिश्रम घेतले’ हे वाक्य ठोकळेबाज आहे, पण त्या शिक्षकाच्या श्रमांची लेखी पोच बहुधा तेवढीच असते. ते वाक्य खोडायचं नाही, ते कोणाच्या वाट्याला येतं आणि कोणाच्या नाही ते बघायचं.

दुसरं, शेवटची पानं. देणगीदारांची यादी आणि ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ठेवलेली बक्षिसं. बहुतेक संशोधक ही पानं सोडून देतात, आणि मला विचाराल तर संपूर्ण अहवालातली सर्वांत समृद्ध पानं हीच. गावात पैसा कुठून येतो, कोण बाहेर नोकरीला आहे, कोणत्या घराण्यांना शाळेशी नाव जोडावंसं वाटतं, गणितातल्या पहिल्या मुलीला बक्षीस कोण ठेवतं, माजी विद्यार्थ्यांची कुठली बॅच परत येते. पंचवीस वर्षांच्या या याद्या एकत्र केल्या तर गावाचा सामाजिक इतिहास हातात येतो. आणि ही माहिती बऱ्यापैकी विश्वासार्ह असते, कारण देणगीदार समोरच बसलेला असतो.

मुलांच्या कामाचा माग : दोन उदाहरणं

अहवालाची मर्यादा कळण्यासाठी ज्या ठिकाणी मुलांच्या कामाचा माग वेगळ्या प्रकारे उरला, तिथे बघणं उपयोगी पडतं.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागात राबून गॅप इथल्या शाळेत १९६६ साली इलियट विगिंटन या इंग्रजीच्या शिक्षकाने मुलांबरोबर एक नियतकालिक सुरू केलं, ‘फॉक्सफायर’. मुलं गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायची, लाकडी घर कसं बांधायचे, साबण कसा करायचे, डुक्कर कसं साठवायचे हे विचारायची आणि लिहून काढायची. १९७२ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि ते प्रचंड खपलं. इथे ‘मुलाखती घेण्यात आल्या’ असं मोघम वाक्य नाही, प्रत्यक्ष मुलाखत आहे, बोलणाऱ्याच्या बोलीत. पण हेच उदाहरण दुसरा धडाही देतं. १९९२ मध्ये विगिंटनने एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. मुलांच्या सहभागाचा इतका चांगला छापील माग असूनही मोठा माणूस आणि मूल यांच्यातल्या सत्तेबद्दल त्या पानांवर काही नव्हतं. चांगलं फलित म्हणजे चांगली प्रक्रिया, असं गृहीत धरायचं नाही.

दुसरं उदाहरण जवळचं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ग्रामीण हायस्कूलसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला : वेल्डिंग, सुतारकाम, विजेचं काम, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य. मुलांनी शिकत शिकत गावाला लागणारी खरी कामं करायची, ही त्यातली कल्पना. अशा कामाचा माग अहवालाच्या भाषेत कमी आणि वस्तूंत जास्त उरतो. गेट उभं आहे की नाही, त्याचं वेल्डिंग टिकलं की नाही, साहित्याचा खर्च किती आला. ‘उत्साहात संपन्न’ झालेलं गेट असं काही नसतं.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

‘तालुक्यातल्या सर्व शाळांतले सर्व उपक्रम’ सोडून द्या. एक किंवा दोन शाळा, एक मंडळ, एक पूर्ण वर्ष. प्रश्न छोटा आणि टोकदार ठेवा. उदाहरणार्थ : ‘विज्ञान मंडळाच्या कामात शाळा सुटल्यावर कोण थांबतं आणि कोण थांबू शकत नाही?’ या प्रश्नाला लागणारं सगळं एका माणसाला एका वर्षात गोळा करता येतं :

१. त्या वर्षाचा आणि आधीच्या पाच वर्षांचा अहवाल, रंगांच्या संकेतनासह.
२. मंडळाची नोंदवही असेल तर ती. नसेल, तर ती नसणं हीसुद्धा नोंद.
३. महिनावार हजेरीपट. हंगामात पट किती उतरतो ते इथे दिसतं.
४. खर्चाची नोंद : किर्दीत मंडळाच्या नावावर काय पडलं आणि शिक्षकाने खिशातून काय घातलं.
५. निरीक्षण. निदान चार वेळा, आणि त्यातल्या दोन वेळा कुठलाही दिनविशेष नसताना.
६. मुलांशी बोलणं. मंडळात असलेल्यांशी जेवढं, तेवढंच नसलेल्यांशी.

शेवटच्या मुद्द्याबद्दल एक सूचना. मुलं अल्पवयीन आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे मुलांची संमती नव्हे. पालकांची लेखी संमती घ्या, मुलालाही त्याच्या भाषेत समजावून विचारा, आणि ‘नाही’ म्हणाला तर विषय संपला. एका तालुक्यात हायस्कुलं मोजकीच असतात, त्यामुळे नाव बदलूनही शाळा ओळखू येते, हे लिहिताना लक्षात ठेवा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो परिशिष्टात टाकू नका, शाळेने ते आधीच सगळीकडे टाकलेले असले तरी.

आणि शाळेकडे तपासणी अधिकाऱ्यासारखं जाऊ नका. तुम्ही ‘मंडळाची बैठक खरंच झाली का?’ असं विचारलंत की लगेच दर्शनी रंगमंच उभा राहतो आणि एक सुंदर नोंदवही रातोरात तयार होते. ‘यंदा मुलांना घेऊन काय करताना मजा आली आणि कुठे अडलं?’ असं विचारा. अडचणी सांगायला शिक्षकांना आवडतं, कारण त्या त्यांना कोणी विचारत नाही.

वार्षिक अहवाल वाईट साधन आहे असा या लेखाचा अर्थ काढू नका. त्याला भलतं काम देणं वाईट. अंतिम मौखिकीत बाह्य परीक्षकांनी विचारलं, ‘तुमच्या तक्त्यातले हे ४२ उपक्रम कोणी केले?’ तर उत्तर म्हणून तुमच्याकडे मुलांनी सांगितलेलं काहीतरी असायला हवं. ‘करण्यात आले, सर’ हे उत्तर तिथे चालत नाही.